जिल्हा अजिंक्यपद खो-खो : गावच्या मंडळाचा हंगाम कुठे संपतो?

सोलापूरकडून येणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गाला विजयपूर-गदगचा फाटा फुटतो, ते जंक्शन म्हणजे होटगी. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या या भागात मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते; ‘खो’ मात्र दोन्हीकडे एकच. अशा गावातल्या एखाद्या क्रीडा मंडळाचा हंगाम समजून घ्यायचा, तर आधी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते : वर्षातली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकूनही मंडळाला पुढे जाता येत नाही.

या स्पर्धेचे नावच दुहेरी असते : ‘जिल्हा अजिंक्यपद व निवड चाचणी’. महाराष्ट्र खो-खो असोसिएशनशी संलग्न असलेली जिल्हा संघटना ती भरवते. किशोर-किशोरी, कुमार-मुली, पुरुष-महिला असे गट असतात. सामने मंडळांमध्ये होतात, अजिंक्यपदही मंडळालाच मिळते. पण राज्य स्पर्धेत उतरतो तो निवडलेला जिल्हा संघ. वेळापूरचा मुलगा असो वा वाडीकुरोलीचा, तिथे तो ‘सोलापूर’ म्हणून खेळतो. राज्य स्पर्धेतून महाराष्ट्राचा संघ निवडतात आणि तो राष्ट्रीय स्पर्धेला जातो. वेळापूरचा रामजी कश्यप 2025 च्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा गावाच्या मंडळाचे नाव अर्थातच गुणफलकावर नव्हते.

शालेय स्पर्धांत गंमत उलटी आहे. तिथे तालुका जिंकलेली शाळा जिल्ह्याला, जिल्हा जिंकलेली शाळा पुणे विभागाला आणि तिथून राज्याला आपल्याच नावाने जाते. म्हणजे तोच मुलगा शाळेकडून खेळताना सवंगड्यांसह पुढे सरकतो आणि मंडळाकडून खेळताना एकटा.

आयर्लंडमधल्या हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळात दोन्ही वाटा खुल्या आहेत. तिथे काउंटीचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याचा, निवडलेला संघ वेगळा खेळतो. शिवाय काउंटी जिंकलेला क्लब आपल्याच जर्सीत प्रांताच्या आणि मग देशाच्या क्लब अजिंक्यपदासाठी उतरतो. एखाद्या खेड्याचा क्लब अखिल आयर्लंड विजेता होऊ शकतो. आपल्याकडे गावाला तशी वाट नाही.

त्यामुळे मंडळाचा हिशेब दोन खात्यांत चालतो : सामने किती जिंकले आणि पोरं किती निवडली गेली. उपांत्य फेरीत हरलेल्या मंडळाचे दोघे जिल्हा संघात गेले, तरी त्यांचे वर्ष वाया गेलेले नसते.

इथेच खरा पेच आहे. बातमीत खेळाडूच्या नावापुढे कंसात ‘2.10 मि. व 3 गडी’ असे छापतात. याचा अर्थ, संरक्षणात तो 2 मिनिटे 10 सेकंद टिकला आणि आक्रमणात त्याने तिघांना बाद केले. पण आक्रमणात मैदानावर नऊ जण असतात. आठ पाटीवर बसलेले, एक धावणारा. खांबाजवळ सूर मारून गडी टिपणाऱ्याचे नाव कागदावर येते. त्याआधी योग्य क्षणी खो देऊन पळणाऱ्याला खांबाकडे रेटत नेणाऱ्या तिघाचौघांचे येत नाही. संरक्षणातही तीनच्या तुकडीतला एक जण स्वतः दमून साथीदाराला विसावा देतो. आकड्यांत तो कमीच दिसतो. जाणकार निवड समितीला हे कळते. म्हणून चाचणीत आकडे वाचण्यापेक्षा पूर्ण डाव पाहणे महत्त्वाचे.

निकाल वाचण्याची रीतही सोपी आहे. समजा, एखादा संघ ‘10-9 असा दोन मिनिटे राखून’ जिंकला. म्हणजे शेवटचे आक्रमण त्याचे होते आणि विजयी गडी बाद झाला तेव्हा घड्याळात दोन मिनिटे उरली होती. ‘एक डाव राखून’ असेल, तर दुसऱ्यांदा आक्रमणाला उतरण्याची गरजच पडली नाही. बरोबरी झाल्यास जादा डाव होतो. त्यातही ती सुटली नाही, तर लघुत्तम आक्रमण : दोन्ही संघांनी पहिला गडी टिपायला किती वेळ घेतला हे मोजतात आणि कमी वेळ घेणारा जिंकतो. वर्षभराच्या सरावाचा निकाल तेव्हा काही सेकंदांवर लागतो.

मग निवडलेल्यांची यादी जाहीर होते. ज्यांची नावे आली ते जिल्ह्याच्या सराव शिबिराला जातात. बाकीचे गावच्या मैदानावर परततात आणि पुढच्या गटात चढणाऱ्या किशोरांना पाटीवर बसवून सराव सुरू करतात.