पुस्तकी वाटाड्या

परक्या मुलुखांत पाऊल टाकणाऱ्या माणसास वाटाड्या लागतो, आणि एकदां वाटाड्याच्या हातीं सांपडला म्हणजे त्याला वाटाड्याच्याच मर्जीनें चालावें लागतें, हा अनुभव जुना आहे. काशी-गयेस जाणाऱ्या आपल्याकडील यात्रेकरूस तो क्षेत्रोपाध्यायांच्या दारीं येई. ऱ्हाइन नदीच्या कांठीं हिंडणाऱ्या युरोपीय प्रवाशास तो भाडोत्री वाटाड्यांच्या संगतींत येई. या पराधीनतेंतून सुटण्याचें जें साधन युरोपांत निघालें, तें म्हणजे प्रवासाचें मार्गदर्शक पुस्तक.

इ. स. १८३६ मध्यें लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकानें युरोपखंडाच्या प्रवासाचें हस्तपुस्तक काढलें. त्याच सुमारास जर्मनींतील कोब्लेन्झ येथील कार्ल बेडेकर यानें ऱ्हाइनवरील एक जुनें पुस्तक सुधारून छापलें आणि पुढें अशा पुस्तकांची मालाच गुंफली. वाटाड्यावर विसंबून न राहतां प्रवाशानें आपल्याच डोळ्यांनीं देश पाहावा, हा बेडेकरचा हेतु. विशेष प्रेक्षणीय स्थळांपुढें तो तारका छापी. परंतु पुढें पुढें जेथें तारका असेल तेवढेंच पाहण्याची संवय प्रवाशांस जडली. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाच्या १९०८ सालच्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ या कादंबरींतील तरुण नायिका फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे या प्रार्थनामंदिरांत बेडेकरवांचून शिरते, तेव्हां कशाची वाखाणणी करावी हेंच तिला उमगत नाहीं. वाटाड्या गेला, पण त्याची गादी पुस्तकानें घेतली.

हीं पुस्तकें मुख्यतः सुखवस्तु प्रवाशांचीं होतीं. बेताच्या पैशांत हिंडणाऱ्यांचा कैवारी पुढें आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. आर्थर फ्रॉमर हा अमेरिकन तरुण लष्करी नोकरीनिमित्त जर्मनींत होता. सुटीच्या दिवसांत त्यानें थोडक्या खर्चांत युरोप पाहिला, १९५५ सालीं सैनिकांसाठीं एक लहानसें पुस्तक लिहिलें आणि १९५७ सालीं ‘युरोप ऑन फाइव्ह डॉलर्स अ डे’ हें पुस्तक स्वतःच प्रसिद्ध केलें. दिवसाकाठीं पांच डॉलरांत निवास व भोजन भागवावयाचें, हा त्याचा हिशेब. काटकसर ही प्रवासांतील अडचण नसून तिच्यांतच प्रवासाचा खरा लाभ आहे, हा त्यामागचा विचार. मोठ्या हॉटेलांत उतरणाऱ्यास आपल्यासारखेच परदेशी भेटतात. गल्लींतल्या साध्या खानावळींत जेवणाऱ्यास त्या देशाचे लोक भेटतात.

या विचारास आशियांत नवें रूप आलें. १९६० नंतर पाश्चात्य तरुणांचे तांडे इस्तंबूल, तेहरान, काबूल अशा खुष्कीच्या मार्गानें भारतांत व नेपाळांत येऊं लागले. त्यांतले कित्येक गोव्याच्या अंजुना किनाऱ्यावर विसावत. १९७२ सालीं टोनी व मॉरीन व्हीलर हें दांपत्य लंडनहून जुन्या मोटारींतून निघालें, काबूलला त्यांनीं ती विकली, आणि वर्षाअखेर दोघें सिडनीस पोंचलीं तेव्हां त्यांच्याजवळ अवघे २७ सेंट उरले होते. हें जमलें कसें, खर्च किती आला, असें जो तो त्यांना विचारी. उत्तरादाखल १९७३ सालीं त्यांनीं ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ ही पुस्तिका घरींच सिद्ध केली, आणि तिच्यांतून ‘लोन्ली प्लॅनेट’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. १९७९ मध्यें इराणांत क्रांति झाली, अफगाणिस्तानांत सोव्हिएट सैन्य शिरलें व खुष्कीचा मार्ग बंद पडला. पुस्तकें मात्र थांबलीं नाहींत. १९८१ सालीं याच संस्थेचें भारतावरील पुस्तक निघालें.

या पुस्तकांच्या स्वभावांतच एक विसंगति आहे. जेथें परदेशी माणूस फिरकत नाहीं, ती खानावळ अस्सल, असें पुस्तक सांगतें. आणि तें छापून होतांच परदेशी माणसांची तेथें रांग लागते. पुस्तकाच्या हजारों प्रती निघतात, परंतु खानावळींतलीं बांकें तेवढींच राहतात. मग मालक दर वाढवितो, तिखट कमी करतो. शेजारचा दुकानदार तसल्याच नांवाची पाटी लावतो. आणि रोज तेथें जेवणारा हमाल किंवा कारकून दुसरी जागा शोधूं लागतो. ज्या गोष्टीसाठीं शिफारस केली, ती शिफारशीमुळेंच नाहींशी होते. किंमतींचेंही तसेंच. फ्रॉमरच्या पुस्तकाच्या नांवांतले पांच डॉलर पुढें दहा झाले, नंतर वीस झाले.

तथापि सारा दोष पुस्तकाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. मोठ्या हॉटेलांच्या तिजोरींत गेला असता असा कांहीं पैसा या पुस्तकांनीं लहान घरांकडे वळविला. खोली भाड्यानें देणाऱ्या विधवेच्या किंवा कोळ्याच्या संसारास त्याचा हातभार लागला. शिवाय ज्याला परदेश पाहणें परवडलें नसतें अशा विद्यार्थ्यास त्यांनीं धीर दिला. आज छापील पानांचें बरेंचसें काम हातांतल्या फोननें घेतलें आहे, पण तोही ज्याला त्याला त्याच दाराशीं नेऊन उभें करतो.

फॉर्स्टरच्या कादंबरींतील ती तरुणी थोड्या वेळानें पुस्तकाची उणीव विसरते आणि भोंवतालच्या माणसांकडे पाहूं लागते. पुस्तकानें दारापर्यंत सोबत करावी, एवढाच त्याचा अधिकार. उंबरठ्यापलीकडचें आपलें आपणच पाहावयाचें असतें.