एका हातची वही

मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडास इतिहासाच्या पुस्तकांत फारशी जागा मिळालेली नाहीं. तथापि २ जानेवारी १९४३ रोजीं या गडाच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं भाई कोतवाल व हिराजी पाटील यांस वीरमरण आलें, आणि त्या दिवशीं दरवर्षीं तेथें लोक जमतात. संगणकशास्त्रांतील ‘ब्लॉकचेन’ या नव्या विद्येचा विचार करतांना आम्हांस हा गड वारंवार आठवतो. हा संबंध ओढूनताणून जोडल्यासारखा वाटेल; म्हणून थोडा खुलासा अवश्य आहे.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १९१२ सालीं माथेरान येथें झाला. ते कायद्याचे पदवीधर. गरीब शेतकऱ्यांस सावकाराच्या पाशांतून सोडविण्यासाठीं त्यांनीं धान्यकोठ्या काढल्या. सावकाराचें बळ केवळ पैशांत नव्हतें, तें त्याच्या वहींत होतें. वही त्याच्या घरीं, लेखणी त्याच्या हातीं, आणि अंगठा तेवढा कुळाचा! किती दिलें व किती फिटलें हें ज्यानें एकट्यानें लिहावयाचें, तोच वादी आणि तोच न्यायाधीश.

ब्लॉकचेनचा जन्म याच दुखण्यावरील उपाय म्हणून झाला. वहीची प्रत एकाजवळ न ठेवतां अनेकांजवळ ठेवावयाची, आणि प्रत्येक पानावर मागील पानाची गणितानें काढलेली मुद्रा उमटवावयाची. मागें एक अक्षर बदललें तरी पुढील सर्व मुद्रा चुकतात व लबाडी उघडी पडते. मोडी पत्राच्या अखेरीस मोर्तबाचा शिक्का करून पुढें भर घालण्याची वाट बंद करणारे आमचे पूर्वज हें मर्म ओळखून होते. हेबर व स्टोर्नेटा या शास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं मुद्रांची ही सांखळी मांडली. २००८ सालीं सातोशी नाकामोतो हें टोपणनांव घेणाऱ्या अज्ञात लेखकानें तिच्यावर बिटकॉइन हें चलन उभारलें.

परंतु प्रती ठेवणाऱ्यांपैकींच कोणी फितूर झाला तर? १९४२ सालीं कोतवालांच्या ‘आझाद दस्त्या’नें मुंबईकडे वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले, पुढें फितुरीमुळेंच पोलिसांस दस्त्याचा ठावठिकाणा लागला, असें सांगतात. फितुरीचा हा प्रश्न लॅम्पोर्ट, शोस्टाक व पीस यांनीं १९८२ सालीं गणितानें सोडविला. शहरास वेढा घालून बसलेल्या सेनापतींनीं जासुदांकरवीं एकमत करावयाचें आहे, पण त्यांत कांहीं फितूर आहेत. निरोप केवळ तोंडी असतील, तर दोन तृतीयांशांहून अधिक सेनापती इमानी असल्यावांचून एकमत अशक्य; एका फितुरास पचविण्यास निदान चार सेनापती हवेत. ज्यांची नक्कल होत नाहीं अशा सह्या निरोपांवर असतील, तर मात्र फितुराची शक्ति पुष्कळच घटते. बिटकॉइनमध्यें माणसांच्या संख्येऐवजीं गणनशक्तीचें माप लावतात. निम्म्याहून अधिक शक्ति एका हातीं गेल्यास तेथेंही अलीकडचीं पानें फिरवितां येतात.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. हें गणित खोट्या निरोपास अडवितें. फुटलेल्या गुपितास नाहीं. सिद्धगडावर जें घडलें त्यास तें उपाय झालें नसतें. दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. २०२२ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली येथें जातीचे दाखले या सांखळीवर नोंदविण्याचा प्रयोग शासनानें हातीं घेतला. अशा दाखल्याची नक्कल सहज पकडतां येईल, हा लाभ थोडा नव्हे. पण सांखळी राखते तें लिहिलेलें. तें खरें कीं खोटें हें तिला कळत नाहीं. उद्यां सातबारा तिच्यावर चढला आणि कसणाऱ्याचें नांव पहिल्याच नोंदींत गाळलें गेलें, तर ती चूक पुसणें पूर्वीहूनही अवघड होईल.

म्हणून आमचें मत असें कीं, या विद्येचें स्वागत करावें, पण तिच्यावर न्याय सोंपवूं नये. वही अनेकांच्या हातीं गेली, हें चांगलेंच झालें. पण ती वाचूं शकणारीं आणि पहिल्या नोंदीच्या वेळीं हटकणारीं माणसें गांवोगांव असावयास हवीत. कोतवालांनीं खेड्यापाड्यांतून जें काम आरंभिलें तें हेंच होतें, आणि तें अद्याप पुरें झालेलें नाहीं.