मेंढरं, कोंडवाडा आणि मधला माणूस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. प्रश्न साधा आहे: मेंढरं उभ्या पिकात शिरली, तर भांडण मिटवायचं कुणी?

दसरा-दिवाळी झाली की फलटणसारख्या कमी पावसाच्या भागातले धनगर मेंढरं घेऊन निघतात. त्यातले काही वाडे घाट उतरून थेट कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वाडा म्हणजे इथे मोठं घर नाही हं, सोबत चालणाऱ्या कुटुंबांचा तळ.

आता हे लोक शेतकऱ्याचे शत्रू होते का? अजिबात नाही. भात कापून झालं की शेतकरीच त्यांना रानात मेंढरं बसवायला सांगायचा. रात्रभर कळप शेतात बसला की लेंडीखत आयतं मिळायचं. बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे. म्हणजे तेच मेंढरू रिकाम्या शेतात खत देणार आणि शेजारच्या उभ्या पिकात नुकसान करणार. मध्ये फक्त एक बांध!

म्हणूनच मधला माणूस लागायचा. वाड्याकडून एखादा जाणता बोलणी करायचा, गावाकडून पाटील. मराठा काळात वतनाचे, शिवेचे मोठे वाद गोतसभेत जायचे. तिथे पाटील, कुलकर्णी, देशमुख, बलुतेदार बसायचे आणि निवाड्याचा महजर लिहिला जायचा. चरलेल्या पिकाचं भांडण मात्र गावातच, पंचांसमोर मिटवणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. कारण दोघांनाही माहीत असायचं की पुढच्या वर्षी हाच वाडा याच वाटेनं येणार आहे.

मग आला १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा. मी दिवसभर कोड वाचतो, त्यामुळे कायदाही तसाच वाचतो: इनपुट काय, आउटपुट काय. पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्यानं धरायचं आणि २४ तासांत कोंडवाड्यात पाठवायचं. मूळ कायद्यात दंड डोक्यागणिक होता. म्हशीला ८ आणे, गाईबैलाला ४ आणे, मेंढरू किंवा शेळीला १ आणा. २०० मेंढरं कोंडली तर साडेबारा रुपये, वर चारापाण्याचा खर्च वेगळा. त्यांनी दोन घास खाल्ले की अख्खं शेत, दंड तेवढाच!

गंमत पुढे आहे. हा दंड ज्याचं पीक गेलं त्याला मिळत नव्हता. त्यातून कोंडवाड्याचा खर्च आणि रखवालदाराचा पगार निघायचा, उरलेलं रस्त्या-पुलांना. शेतकऱ्याला भरपाई हवी असेल तर कोर्टात वेगळा दावा लावा. कायद्यानं मेंढरं मोजली, नुकसान नाही मोजलं.

पण म्हणून ‘जुनं ते सोनं’ म्हणायलाही मी तयार नाही. पाटील शेवटी गावाचाच माणूस, धनगर परगावचा. पाटलाचंच शेत चरलं गेलं असेल तर निवाडा कुणाकडे मागायचा? कायद्यात निदान एक सोय होती: जनावर बेकायदा धरलं असेल, तर मालकाला मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता यायची.

पुढे १९६२ च्या कायद्यानं महाराष्ट्रातलं महसुली पाटलाचं पदच गेलं. पाणी आलेल्या भागात दुसरं पीक आलं, ऊस आला, रान रिकामं राहण्याचे दिवस कमी झाले. युरियाची गोणी आली, तशी लेंडीखताची गरजही घटली. म्हणजे भांडणाच्या जागा वाढल्या आणि समेटाचं कारण आटलं.

माझं मत विचाराल तर जाणत्या माणसाची खरी ताकद त्याच्या पदात नव्हतीच. दोघांनाही एकमेकांची गरज होती, आणि ती गरज तो बोलून दाखवायचा. आज पंचायत असो की पोलीस पाटील, मध्ये बसणाऱ्यानं ‘दंड किती?’ याच्या आधी ‘पुढच्या वर्षी वाडा कुठून जाणार?’ हे विचारायला हवं. वाट ठरली नाही, तर मेंढरं जातील कुठून? पिकातूनच ना!

तुमच्या गावाकडे अजून मेंढरं बसवतात का? बोलणी कोण करतं? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!