डिस्कोचं पितृत्व आणि ‘लव्ह्ज थीम’

काही वाक्यं इतक्या वेळा छापली जातात की त्यांना पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासातलं असं एक वाक्य म्हणजे: 9 फेब्रुवारी 1974 रोजी बॅरी व्हाइटच्या ‘लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्रा’ची ‘लव्ह्ज थीम’ अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट 100’ यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि डिस्कोचा जन्म झाला. यातला पूर्वार्ध नोंदीतला आहे. उत्तरार्ध निव्वळ श्रद्धेचा आहे, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो लेचापेचा नाही. ‘लव्ह्ज थीम’मध्ये गाणारं कुणी नाही. व्हायोलिनचा मोठा ताफा खालून वर सरसरत जातो आणि मग ती प्रसिद्ध, लांब श्वासाची चाल धरतो. तिच्याखाली वाह-वाह पेडलवरचं गिटार सतत कुरकुरत असतं, हाय-हॅटची बारीक किणकिण चालू राहते, मधूनमधून फ्रेंच हॉर्न हुंकार देतात. पुढच्या पाच वर्षांत डिस्को म्हणून जे ओळखलं गेलं त्यातलं बरंचसं साहित्य इथे एका ताटात वाढलेलं दिसतं. शिवाय तारीख सोयीची आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्या ‘एमएफएसबी’ वादकांची ‘टीएसओपी’ पहिल्या क्रमांकावर आली, जुलैत ह्यूज कॉर्पोरेशनचं ‘रॉक द बोट’ आणि त्याच्या पाठोपाठ जॉर्ज मॅक्रेचं ‘रॉक युअर बेबी’. रांगेत सर्वांत पुढे ‘लव्ह्ज थीम’ उभी, म्हणून बाकीची तिची लेकरं, असं हे अनुमान आहे. आधी आलं ते कारण, नंतर आलं ते कार्य. आपल्या नैयायिकांनी हे अनुमान पहिल्याच बैठकीत परत पाठवलं असतं.

कारण रांगेची सुरुवातच चुकीच्या जागी धरली आहे. वाह-वाह गिटार, हाय-हॅटवरचे सोळा ठोके आणि त्यांच्यावर तरंगणारे व्हायोलिन हा संयोग आयझॅक हेजच्या ‘थीम फ्रॉम शाफ्ट’मध्ये पूर्ण रूपात होता आणि तीही रेकॉर्ड नोव्हेंबर 1971 मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली होती. वर्षभराने, 1972 च्या डिसेंबरात, टेम्प्टेशन्सचं ‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’ त्याच जागी होतं. नॉर्मन व्हिटफील्डने निर्मिलेल्या त्या रेकॉर्डचा अल्बमवरचा अवतार जवळपास बारा मिनिटांचा. एकच बेसची ओळ अखंड फिरत राहते, पॉल रायझरने लिहिलेली व्हायोलिनची वाक्यं तिच्यावर ढगासारखी जमतात आणि विरतात, आणि गायक तोंड उघडतात तोवर मिनिटांमागून मिनिटं गेलेली असतात. लांबी, पुनरावृत्ती, वाद्यवृंद, गायकाला ताटकळत ठेवणं, हे सगळं ‘लव्ह्ज थीम’च्या आधीचं आहे.

आता ठेक्याकडे वळू. डिस्को ओळखायची एकच खूण सांगा म्हटलं तर कुणीही बेस ड्रमचे चार सरळ ठोके सांगेल, प्रत्येक मात्रेला एक, आणि त्यांच्या मधल्या जागांत उघडझाप करणारा हाय-हॅट. ही रचना पक्की करण्याचं श्रेय जाणकार एकमुखाने फिलाडेल्फियाच्या अर्ल यंगला देतात, आणि उदाहरण म्हणून हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सचं 1973 मधलं ‘द लव्ह आय लॉस्ट’ दाखवतात. सिग्मा साउंड स्टुडिओत, गॅम्बल आणि हफ या निर्मात्या जोडीच्या हाताखाली ते ध्वनिमुद्रित झालं. मुळात ते मंद, रडवं प्रेमगीत म्हणून योजलेलं होतं. यंगने त्याचा वेग वाढवला आणि पाय हलू लागले. ‘लव्ह्ज थीम’ याच्या शेजारी लावून ऐकावी. ती डुलते, पण पळत नाही. मिनिटाला 120 च्या आसपास ठोके ही जी डिस्कोची पुढे ठरून गेलेली चाल, तिच्या ती बरीच खाली राहते. जिच्याकडे ठेकाच नव्हता तिने तो वारशात दिला कसा?

‘टीएसओपी’ला तिचं अपत्य ठरवणं तर आणखी अवघड. दोन्ही रेकॉर्ड पहिल्या क्रमांकावर येण्यात अंतर दहा आठवड्यांचं. ‘टीएसओपी’ लिहिली गेली ‘सोल ट्रेन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची शीर्षकधून म्हणून, आणि वाजवली ती वर्षानुवर्षं सिग्मात एकत्र बसणाऱ्या वादकांनी. व्हाइटचं लॉस एंजेलिस आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांत दोन स्वतंत्र परंपरा एकाच सुमारास पिकल्या, इतकंच इथे सिद्ध होतं. पुढे व्हिन्स मोन्टाना याच फिलाडेल्फियाच्या मंडळींतून वादक घेऊन न्यूयॉर्कच्या कंपनीसाठी ‘सालसोल ऑर्केस्ट्रा’ उभा करतो. तेव्हा तोही वंशवृक्षाच्या त्याच फांदीवर बसतो, बॅरी व्हाइटच्या नाही. नावात ‘ऑर्केस्ट्रा’ आहे म्हणून घराणं एक ठरत नाही.

पूर्वपक्षाचा शेवटचा बुरूज असा: ठेका नसेल दिला, पण रेडिओला बाजूला सारून नाचघरांनी वर आणलेली ही पहिली रेकॉर्ड आहे. यात तथ्य आहे, पण ते दाव्याच्या उलट दिशेने जातं. ‘लव्ह्ज थीम’ सिंगल म्हणून जन्मलीच नाही. व्हाइटच्या देखरेखीखाली गाणाऱ्या ‘लव्ह अनलिमिटेड’ या तीन मुलींच्या गटाच्या 1973 मधल्या अल्बमची ती नांदी होती, गायिका येण्यापूर्वी पडदा वर करणारी. न्यूयॉर्कच्या क्लबांतल्या डीजेंनी ती नांदीच उचलली, रात्रीमागून रात्री वाजवली, आणि मग कंपनी जागी झाली. म्हणजे नाचणारा समाज आधीपासून होता. डेव्हिड मॅन्क्युसोने ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत ‘द लॉफ्ट’ची पहिली मैफल भरवली ती 14 फेब्रुवारी 1970 ला. व्हिन्स अलेट्टीने ‘रोलिंग स्टोन’मध्ये या क्लबांवर आणि तिथल्या संगीतावर लेख लिहिला तो 13 सप्टेंबर 1973 च्या अंकात. ज्याचं वर्णन छापून आलेलं आहे ते त्यानंतर पाच महिन्यांनी जन्माला येऊ शकत नाही. आणि नाचघरांनी वर आणल्याचा मान द्यायचाच तर मनु दिबांगोचं ‘सोल मकोसा’ आधी विचारात घ्यावं लागेल. कॅमेरूनच्या त्या सॅक्सोफोनवादकाची तबकडी मॅन्क्युसोला ब्रुकलिनमधल्या एका दुकानात सापडली आणि 1973 मध्येच ती क्लबांच्या जोरावर अमेरिकन यादीत घुसली. ‘लव्ह्ज थीम’च्या पदरात उरतं ते हे की या वाटेने थेट पहिल्या क्रमांकापर्यंत जाऊन तिने कंपन्यांचे डोळे उघडले. हा मान लहान नाही, पण तो अपत्याचा मान आहे.

एक पुरावा मला विशेष आवडतो, कारण तो थोडा खट्याळ आहे. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने गोल्फच्या प्रक्षेपणासाठी हीच धून वापरली आणि ती वर्षानुवर्षं हिरवळीवरच्या त्या संथ खेळाबरोबर सुखाने नांदली. अर्ल यंगचे चार ठोके गोल्फखाली लावून पाहा. चेंडू भोकात जायच्या आत प्रेक्षक खुर्चीतून उठेल. जी रेकॉर्ड क्लबात नाचाची ठरते आणि टीव्हीवर गोल्फची, तिच्यातलं डिस्कोपण तबकडीत कमी आणि वाजवणाऱ्याच्या हातात जास्त होतं.

इतकं खंडन केल्यावर दुसऱ्या टोकाचे टीकाकार टाळ्या वाजवायला पुढे येतात. त्यांच्या मते व्हायोलिन म्हणजे डिस्कोवर ओतलेला पाक. खरं काय ते ड्रम आणि बेस, बाकी लिफ्टमध्ये वाजणारं संगीत. त्यांच्याशीही माझं जमत नाही, आणि मंडन करायचं ते इथेच.

वाद्यवृंदाची गायकाविना धून पहिल्या क्रमांकावर येणं नवं नव्हतं. पर्सी फेथची ‘अ समर प्लेस’ची धून 1960 मध्ये नऊ आठवडे तिथे होती, पॉल मोरियाची ‘लव्ह इज ब्लू’ 1968 मध्ये पाच आठवडे. पण ते दिवाणखान्याचे व्हायोलिन होते. दुसरीकडे सोल संगीतातले व्हायोलिन गायकाच्या पाठीमागे उभे असत, त्याच्या दुःखाला अस्तर लावत. ‘लव्ह्ज थीम’ने त्यांना गायकाच्या जागी आणून बसवलं आणि खालचा ताल मात्र दिवाणखान्यातून न घेता फंकमधून घेतला. वरचा मजला आणि खालचा मजला एकमेकांत मिसळत नाहीत. गिटारची कुरकुर व्हायोलिनच्या गोडीला जराही दाद देत नाही, आणि व्हायोलिनही गिटारसाठी आपला लांब श्वास तोडत नाहीत. हाच ताण रेकॉर्डला जिवंत ठेवतो. ज्याला नुसता पाक ऐकू येतो त्याने खालचा थर ऐकलेलाच नाही.

या बांधणीचं श्रेय वाटून द्यायला हवं. बॅरी व्हाइटला स्वरलिपी वाचता-लिहिता येत नव्हती. डोक्यातली चाल तो तोंडाने सांगे आणि संयोजक जीन पेज ती चाळीसेक वादकांसाठी कागदावर उतरवी. पेज नवखा नव्हता. 1964 चं राइचस ब्रदर्सचं ‘यू’व्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन’ त्यानेच संयोजित केलं होतं, आणि मोठ्या ताफ्यालाही दम रोखून धरायला कसं लावायचं हे त्याला ठाऊक होतं. इतिहासलेखक मात्र व्हाइटच्या त्या खर्जातल्या आवाजात इतके अडकतात की ज्या रेकॉर्डवर तो आवाजच नाही तिथेही त्यांना एकटा तोच दिसतो.

गायकाशिवाय नाचता येतं आणि यादीत वरही जाता येतं, ही गोष्ट एकदा सिद्ध झाल्यावर तिचा माग काढणं कठीण नाही. 1975 च्या जुलैत व्हॅन मकॉयचं ‘द हसल’ पहिलं आलं. त्यात चाल बासरीकडे आहे आणि माणसांचे आवाज फक्त नाच पुकारायला. त्याच वर्षाअखेर म्युनिकच्या ‘सिल्व्हर कन्व्हेन्शन’ने ‘फ्लाय, रॉबिन, फ्लाय’मध्ये सगळे मिळून सहा वेगळे शब्द खर्च केले आणि उरलेलं काम व्हायोलिनवर सोपवलं. आपल्या ओळखीचा माणूस याच ओळीत आहे. बंगळुरूचा बिड्डू साठच्या दशकाच्या अखेरीस लंडनला गेला, 1974 मध्ये कार्ल डग्लसकडून ‘कुंग फू फायटिंग’ गाऊन घेतलं आणि 1975 मध्ये ‘बिड्डू ऑर्केस्ट्रा’ या नावाने मिशेल लग्रांची ‘समर ऑफ ’42’ ही चित्रपटधून नाचाच्या ठेक्यावर बसवून ब्रिटनच्या यादीत नेली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला तो भेटला ‘कुर्बानी’तल्या नाझिया हसनच्या गाण्यामुळे, 1980 मध्ये. त्यामुळे आपल्याकडे डिस्को म्हटलं की कीबोर्ड आणि चमचमती जाकिटं आठवतात, आणि बिड्डूची व्हायोलिनची वर्षं कुणाच्या खिजगणतीत नसतात. या सगळ्या मंडळींनी ठेका फिलाडेल्फियाचा घेतला. व्हायोलिनला नायकाची भूमिका द्यायचं धाडस मात्र ‘लव्ह्ज थीम’ने कमावून ठेवलेलं त्यांना आयतं मिळालं.

तेव्हा प्रभाव नाकारायचा नाही, त्याची जागा बदलायची आहे. 1974 च्या फेब्रुवारीत ‘बिलबोर्ड’कडे डिस्कोसाठी वेगळी यादीसुद्धा नव्हती, टॉम मोल्टनचं डिस्कोवरचं सदर तिथे ऑक्टोबरात सुरू झालं. ‘लव्ह्ज थीम’ पहिल्या क्रमांकावर टिकली एकच आठवडा. तिच्या आधी तिथे बार्ब्रा स्ट्रायसँडचं ‘द वे वी वेअर’ होतं आणि पुढच्या आठवड्यात तेच परत आलं. युग बदलल्याचा त्या यादीला पत्ता नव्हता.

आणि ज्याला जनक म्हणतात तो स्वतः काय करत होता, हेही पाहायला हवं. त्याच 1974 च्या उत्तरार्धात बॅरी व्हाइटने ‘यू’र द फर्स्ट, द लास्ट, माय एव्हरीथिंग’ काढलं. मूळ चाल त्याच्या मित्राची, पीटर रॅडक्लिफची, आणि तीही कंट्री ढंगातली, वीसेक वर्षं कुणी ध्वनिमुद्रित न केलेली. व्हाइटने तिला कुठला पेहराव चढवला? ‘लव्ह्ज थीम’चं डुलणं त्याने बाजूला ठेवलं आणि चार सरळ ठोके, धावता हाय-हॅट, नाचघराचा पुरता वेग घेतला. ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत दुसऱ्या. न्यूयॉर्कच्या डीजेंनी त्याच्या अल्बमची नांदी उचलून त्याला नाचणाऱ्यांचा पत्ता दिला होता. वर्ष संपायच्या आत तो त्यांच्याकडून ठेका शिकून आला होता.