वहाण आणि ‘कमावणे’ : निरुपद्रवी पादत्राणाच्या शोधाचा इतिहास

नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या हुडकेश्वर या गावाच्या शेतजमिनींवर गेल्या काही दशकांत लेआउट पडले आणि गाव शहरात मिसळून गेले. तेथील आजच्या रहिवाशास पादत्राण विकत घेताना ‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषण हटकून भेटते. विशेषण नवे आहे. त्यामागील प्रश्न मात्र फार जुना आहे. पायांचे रक्षण करताना इतर कोणाची हानी होते, आणि ती कितपत क्षम्य मानावी, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाची तीन उत्तरे पाहण्यासारखी आहेत. पहिले पाली विनयग्रंथातील आहे. उरलेली दोन विदर्भाच्या भूमीवर, अवघ्या दोन दशकांच्या अंतराने दिली गेली, आणि ती परस्परांशी जुळत नाहीत.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठी ‘वहाण’ हा शब्द संस्कृत ‘उपानह्’ पासून आलेला आहे. पालीत ‘उपाहना’ असे रूप आढळते. त्यात नकार-हकारांची अदलाबदल झालेली स्पष्ट दिसते. प्राकृतात ‘उवाहणा’ व ‘वाहणा’ ही रूपे मिळतात आणि तेथून मराठीपर्यंतचा मार्ग सरळ आहे. ‘पायताण’ हा ‘पादत्राण’चा तद्भव, तर ‘पायपोस’ हा फारसी ‘पापोश’चा मराठी अवतार. राजवटी बदलल्या तशी पायांतील वस्तूची नावे वाढत गेली, पण जुने नाव हटले नाही.

विनयपिटकातील महावग्गाचा पाचवा खंधक चर्मविषयक आहे. सोण कोळिविस हा श्रेष्ठिपुत्र भिक्षू झाल्यावर अनवाणी चंक्रमण करून त्याचे तळवे रक्तबंबाळ झाले, तेव्हा बुद्धाने त्यास एकपदरी तळाच्या वहाणेची अनुज्ञा दिली. आपल्या एकट्यास सवलत नको, संघास मिळत असेल तरच घेईन, अशी भूमिका सोणाने घेतल्यावर ती सर्वांना लागू झाली. पुढे अनेकपदरी वहाणांचा प्रश्न आला. तेव्हा झालेला निर्णय आजच्या वाचकास थबकवणारा आहे: दुसऱ्याने वापरून टाकलेली अनेकपदरी वहाण भिक्षूने घालावी, नवी घालू नये. वापरलेल्या वस्तूचा पुनर्वापर हा येथे केवळ काटकसरीचा सल्ला राहिलेला नाही, तो नियम झालेला आहे.

त्याच खंधकात खडावांना मनाई आहे. लाकडी तळांचा खडखडाट ध्यानाचा भंग करी, आणि त्यांखाली किडे चिरडले जात. मग काही भिक्षूंनी ताडाची कोवळी रोपे तोडून त्यांच्या पानांची पादत्राणे केली. रोपे सुकू लागली आणि लोकांनी तक्रार केली की हे श्रमण एकेंद्रिय जीवास पीडा देतात. ती पादत्राणेही निषिद्ध ठरली. एका दुर्वृत्त भिक्षूच्या मोहापायी वासरू मारले गेले, त्यानंतर गाईच्या कातड्यावर बंदी आली. ‘वनस्पतिजन्य म्हणजे निर्दोष’ हे समीकरण आजच्या जाहिरातींत सहज मांडले जाते. विनयकारांनी ते ताडपत्राच्या बाबतीतच नाकारले होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याच खंधकातील सोण कुटिकण्णाचा वृत्तान्त अधिक महत्त्वाचा आहे. महाकच्चान हे त्याचे गुरू अवंतीत राहत असत. त्यांनी सोणाकरवी बुद्धास जी विनंती केली तिच्यात अवंती-दक्षिणापथाच्या जमिनीचे वर्णन येते: माती काळी आहे, पृष्ठभाग खरखरीत आहे आणि गुरांच्या खुरांनी तो तुडवून खाचखळग्यांचा झालेला आहे. म्हणून तेथे जाड, अनेकपदरी वहाणांची मोकळीक हवी. सीमावर्ती सर्व प्रदेशांसाठी ती मिळाली. काळ्या रानातून उन्हाळ्यात चाललेल्या कोणत्याही वैदर्भीयास हे वर्णन पटेल. ओली असताना चिकटणारी आणि वाळल्यावर धारदार ढेकळे होणारी ही माती हलक्या तळास दाद देत नाही. पादत्राण भूमीनुसार ठरावे, हा व्यवहारी विवेक येथे धर्मनियमाच्याही पुढे गेलेला दिसतो.

विनयात वहाण घालणाऱ्याचा विचार आहे, जनावराचा आहे, ताडाच्या रोपाचाही आहे. ती वहाण तयार करणारा मात्र त्यात जवळजवळ दिसत नाही. मराठीत तो एका क्रियापदाच्या आश्रयाने उभा आहे. कच्च्या कातड्यावर संस्कार करून ते टिकाऊ करण्यास मराठीत ‘कातडे कमावणे’ म्हणतात. ‘कमावणे’च्या मुळाशी ‘कर्म’ आहे, आणि द्रव्यार्जनाच्या अर्थी तेच क्रियापद वापरतात. म्हणजे भाषेने या कामास श्रम आणि मिळकत या दोन्ही अर्थांची जोड दिली. समाजाने त्यातील श्रम घेतले; मिळकत व मान देताना मात्र हात आखडला. मृत जनावर ओढून नेणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे आणि शिवणे चांभारांकडे, अशी ठोकळमानाने कामांची वाटणी होती. चांभार बलुतेदारांत मोडे. शेतकऱ्याच्या वहाणा आणि मोटेची दुरुस्ती तो करी व सुगीला धान्याचा वाटा घेई. कृतज्ञतेची परमावधी सांगण्यासाठी मराठी माणूस आपल्या कातड्याचे जोडे करून घालण्याची भाषा बोलतो. ते जोडे शिवणाऱ्यास मात्र तो उंबऱ्याबाहेर उभे करी.

कमावण्याची जुनी कृती मंद आहे. कातडे धुऊन चुन्याच्या पाण्यात काही दिवस ठेवायचे, केस व मांस खरवडून काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात ते मुरवायचे. तळाच्या जाड कातड्यासाठी त्याचीच पिशवी शिवून टांगतात व तिच्यात काढा भरतात. तो झिरपत झिरपत तंतूंत भिनतो. साल व हिरड्यातील तुरट द्रव्य कातड्याच्या प्रथिनाशी बांधले जाते आणि कातडे कुजत नाही. यास आठवडे लागतात. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियम क्षारांची रीत पेटंट केली आणि हा काळ काही दिवसांवर, पुढे काही तासांवर आला. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासेत ती रीत रुजवली. आज जगातील बहुतांश चामडे याच रीतीने तयार होते, आणि क्रोमियमयुक्त सांडपाण्याची विल्हेवाट हा त्या उद्योगाचा सर्वांत बिकट प्रश्न आहे. जुन्या रीतीलाही पाणी व चुना भरपूर लागतो आणि तिची दुर्गंधी सुटते, हे विसरून तिला निष्कलंक ठरविणे बरे नव्हे.

दुसरे उत्तर वर्ध्याचे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. जवळच नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. गांधींना हा विषय परका नव्हता. दक्षिण आफ्रिकेत १९१० मध्ये सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर ते स्वतः चपला करीत, आणि पुढे तुरुंगात केलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्स यांस भेट दिला होता. वर्ध्याचा आग्रह असा की कातडे मारलेल्या जनावराचे नसावे, स्वाभाविक मृत्यू आलेल्या जनावराचे असावे. ते गावातच कमावले जावे. आणि हाडे-मांसाचे खत शेतात परतावे. काहीच वाया न जाणारे असे हे अर्थशास्त्र होते. त्यासाठी सवर्ण कार्यकर्त्यांनीही कातड्यास हात लावावा, ही अपेक्षा तिच्या काळी धाडसी होती. विनयग्रंथांचा परिचय मराठी वाचकास करून देणारे धर्मानंद कोसंबी १९४७ मध्ये याच परिसरात, सेवाग्रामी, निवर्तले, हा एक योगायोग.

तिसरे उत्तर नागपूरचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी मृत जनावरांच्या प्रश्नाचाही परामर्श घेतला. हे काम सोडल्यास कातडे, शिंगे व हाडे यांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब टीकाकारांनी पूर्वी मांडला होता. आंबेडकरांनी तो हिशेब धुडकावला आणि लाभापेक्षा मान मोठा ठरविला. वर्ध्याने ‘काम पवित्र करू’ असे म्हटले. नागपूरने ‘हे काम जन्माने आमच्याच वाट्यास का’ असे विचारले. इतिहासाच्या अभ्यासकास दुसरा प्रश्न अधिक मूलगामी वाटल्यावाचून राहत नाही, कारण पहिल्या योजनेत कर्त्याच्या संमतीचे स्थान अस्पष्ट राहते. टिकाऊ वहाण ही गावाला स्वस्त पडली ती हिरड्याबाभळीमुळे जितकी, तितकीच या गृहीत धरलेल्या श्रमामुळे.

या इतिहासाचा खरेदीशी संबंध आहे. वनस्पतिद्रव्याने कमावलेल्या कातड्याचा कापलेला काठ आरपार तांबूस-तपकिरी दिसतो, तर क्रोमच्या कातड्याच्या गाभ्यात बहुधा निळसर-करडी छटा असते. तळ खिळ्यांनी वा केवळ चिकटद्रव्याने न जोडता वादीने शिवलेला असेल तर तो उसवून पुन्हा घालता येतो. ‘शाकाहारी चामडे’ म्हणून विकले जाणारे पुष्कळसे साहित्य हे कापडावरील पॉलियुरेथेनचा थर असते. नागपूरच्या दमट पावसाळ्यात तो थर काही वर्षांत सुटू लागतो आणि मग मोच्याच्या आरीस तेथे काही करता येत नाही. वहाणेचा सांभाळ जुनाच आहे. पावसात ती घालू नये. भिजली तर सावलीत वाळवावी, उन्हात वा चुलीपाशी ठेवू नये, कारण कातडे आखडून तडकते. वाळल्यावर थोडे तेल चोळावे. मोटेचे कातडे टिकविण्यासाठी करडईच्या तेलाचा उपयोग होत असे, ही गोष्ट येथे स्मरणात ठेवण्यासारखी आहे. तळ झिजताच, पदर सुटण्यापूर्वी, दुरुस्ती करावी.

कारागिराची स्थिती मात्र सावरलेली नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी लागू झाल्यापासून कमावणाऱ्यांची भिस्त मुख्यतः म्हशीच्या कातड्यावर आहे. २०१९ मध्ये ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावास भौगोलिक निर्देशांक मिळाला. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन संस्थेने मिलान येथे तशाच घडणीच्या चपला मंचावर आणल्या आणि टीका झाल्यावर त्यांचे मूळ मान्य केले, तेव्हा या नोंदणीचा बराच उल्लेख झाला. नोंदणीत महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे आहेत. नागपूर त्यांत नाही. येथील कारागिराने त्याच हिरड्याबाभळीत कमावलेल्या कातड्याची, त्याच वादीने शिवलेली वहाण केली तरी तीस ते नाव लावता येत नाही.