क्रोशाची साखळी : कोठून आली, कोणी आणली?

धारावी बेटावरच्या आपल्या गावांत, उत्तन-चौक-डोंगरीपासून राई, मुर्धे आणि भाईंदरपर्यंत, कोणतीही जुनी गोष्ट दिसली की ती ‘पोर्तुगीजांच्या वेळची’ असे सहज म्हटले जाते. वेदीवस्त्राची झालर, स्नानसंस्काराचा पांढरा झगा, पाहुण्यांपुढे येणाऱ्या तबकावरचा रुमाल, ही क्रोशाची कामेही त्याच खात्यावर जमा होतात. इतिहासाला मात्र हे मान्य नाही. वसईचा मुलूख 1534 पासून पोर्तुगीजांकडे होता आणि 1739 साली चिमाजीअप्पांनी तो जिंकला. धारावीचा किल्लाही त्याच मोहिमेत पडला. आज आपण ज्याला क्रोशा म्हणतो, ते विणकाम तेव्हा युरोपातही रुळलेले नव्हते. त्या काळच्या याजकवस्त्रांवर लेस असे ती फिरक्यांवर गुंफलेली किंवा साध्या सुईने केलेली. क्रोशाचे छापील नमुने प्रथम दिसतात ते 1823 च्या सुमारास, ‘पेनेलोपे’ नावाच्या एका डच मासिकात, आणि तेही बटव्यांचे! ‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ लहानसा आकडा.

या आकड्याची वंशावळ मागे नेणारे एक मत मोठे रंजक आहे. कच्छ-सौराष्ट्रातले मोची कारागीर आरीने कापडावर साखळीचे भरतकाम करीत. खंबायतेकडचे असे भरतकाम सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि इंग्रज व्यापारी युरोपात नेत असत. अठराव्या शतकात तेथील उच्चभ्रू स्त्रिया चौकटीवर ताणलेल्या कापडात आकडीने अशीच साखळी ओढू लागल्या. पुढे कोणीतरी कापडच काढून टाकले, साखळी हवेत विणली आणि क्रोशा जन्मला, असे हे मत सांगते. सर्व संशोधकांना ते पटत नाही. पण ते खरे असेल, तर आपल्या शेजारच्या गुजरातची आकडी युरोपची वारी करून परत आली असे म्हणावे लागेल.

क्रोशाला प्रतिष्ठा मिळाली ती दुष्काळात. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक लागोपाठ कुजले. सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देशोधडीला लागली. त्या काळात कॉर्क येथील उर्सुलाईन धर्मभगिनींनी गरीब मुलींच्या हाती आकडी आणि दोरा दिला. क्लोन्स गावी हेच काम कॅसँड्रा हँड या बाईंनी उभे केले. त्या अँग्लिकन धर्मगुरूच्या पत्नी. भुकेपुढे पंथभेद राहिला नाही, हे नोंदवावेसे वाटते. फिरक्यांची लेस शिकण्यास वर्षे लागत, क्रोशा मात्र थोड्या आठवड्यांत हाती बसे. भांडवल म्हणजे एक आकडी आणि सुताचे रीळ. झोपडीत, चुलीच्या उजेडात, कडेवरचे मूल खाली ठेवून करता येईल असा हा धंदा होता, आणि कित्येक घरांचे भाडे त्यावर भागले.

हिंदुस्थानात ही विद्या मिशनरी स्त्रिया आणि मठांच्या शाळा यांनी रुजवली. संत क्लॉदिन तेव्हने यांनी 1818 साली ल्यों शहरी स्थापन केलेल्या जीझस अँड मेरी संस्थेच्या भगिनी 1842 साली आग्र्यास पोहोचल्या. पुढे त्या पुणे-मुंबईकडे आल्या. ल्यों हे रेशमाचे शहर, आणि अनाथ मुलींना हातचे काम शिकवूनच क्लॉदिनबाईंच्या सेवाकार्याचा आरंभ झाला होता. बेल्जियमच्या लिएज शहरातल्या डॉटर्स ऑफ द क्रॉस 1862 साली कराचीत उतरल्या आणि नंतर वांद्र्यास स्थिरावल्या. अशा शाळांत मुलींना अक्षरओळखीच्या जोडीने सुईकाम शिकवले जाई.

आपल्या कोळी वाचकांना येथे एक भेद ध्यानात घ्यावासा वाटेल. डोलीचे जाळे गाठींनी बनते. एक फास तुटला तरी शेजारचा जागा सोडत नाही. क्रोशात गाठ एकच, आरंभीची. पुढे सारे फासातून फास. पहिला धडा साखळीचा : आकडीवर दोरा घ्यावा आणि आधीच्या फासातून ओढावा. दुसरा मुका खांब, मग अर्धा खांब, मग खांब. नवशिकीचा दोरा नेहमी आवळला जातो, आकडी शिरत नाही, म्हणून आरंभी जाड सूत घेणे बरे. ओळ संपली की वळताना मुक्या खांबास एक, अर्ध्यास दोन आणि खांबास तीन साखळ्या उंचीसाठी घालतात. त्यांचा हिशेब चुकला की चौकोनी रुमाल पाहता पाहता त्रिकोणी होतो. चुकले तर दोऱ्याचे टोक ओढावे, सारे उसवते आणि दोरा जसाच्या तसा हाती येतो. जाळ्याला ही सोय नाही. दुसरीकडे, खरा क्रोशा विणणारे यंत्र आजवर प्रचारात आलेले नाही. बाजारात विणलेला तुकडा दिसला, तर तो कोणाच्या तरी हातचा आहे.

आणि येथेच आमचा खरा आक्षेप आहे. आंध्रातील नरसापूरच्या लेसवर मारिया मीस यांनी 1982 साली एक अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. तेथे ही कला मिशनऱ्यांनीच आणली. पुढे व्यापाऱ्यांनी ती परदेशी धाडून पैसा केला. विणणाऱ्या हजारो स्त्रिया रोज सहा-आठ तास राबत, पण त्या ‘गृहिणी’ आणि त्यांचे काम ‘फावल्या वेळचे’ मानले जाई, म्हणून मजुरी नाममात्र. 2024 साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. पण आपल्याकडेही लग्नातल्या मेजपोसाचे कौतुक होते, विणणारीच्या तासांची मोजदाद कोणी करीत नाही. वेदीवरच्या झालरीला तर आपण अर्पण म्हणतो आणि हिशेबातून मोकळे होतो.

मीरा-भाईंदरला 1985 साली नगरपालिका आली, 2002 साली महानगरपालिका. आज येथील मुलगी आकडी धरते ती बहुधा मोबाइलच्या पडद्यासमोर. तेथे एक जुनी अडचण तिची वाट पाहत असते. इंग्रजी नमुन्यांतला ‘डबल’ म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकन नमुन्यांत मात्र ‘डबल’ म्हणजे पुरता खांब. आजीच्या पेटीतले विलायती पुस्तक उघडायचे आणि टाके अमेरिकन चित्रफितीवरून शिकायचे, असे केले की बशीखालचा रुमाल ताटाएवढा होऊ लागतो. अशा वेळी आजीलाच विचारावे. ती ‘मुका खांब’ म्हणेल, आणि त्या शब्दाचे दोन अर्थ होत नाहीत.