अहवाल वाचणारा पत्रकार : प्रफुल्ल बिडवई

सरकारी अहवाल माणसांच्या आयुष्यात किती खोलवर शिरतो, हे आम्हा सीमावासीयांना वेगळे सांगावयास नको. निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्रात जावे आणि बेळगाव म्हैसूर राज्यात राहावे, अशी शिफारस महाजन आयोगाने १९६७ मध्ये केली. त्या कागदातील निकषांवर आपल्या घराघरांत वाद झाले. मात्र अहवाल विज्ञानाच्या भाषेत आला की आपण सहसा मान तुकवतो. तेथेही मान न तुकवणाऱ्या एका पत्रकाराचे हे स्मरण.

प्रफुल्ल बिडवई यांचा जन्म १९४९ मध्ये नागपूरला झाला. मुंबईच्या आयआयटीत त्यांचे शिक्षण झाले. सत्तरच्या दशकात ‘मागोवा’ या डाव्या विचारांच्या गटाशी त्यांचा संबंध आला. १९७२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तून त्यांनी स्तंभलेखनास आरंभ केला. पुढे १९८१ ते १९९३ या काळात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ते ज्येष्ठ संपादकपदापर्यंत पोहोचले. तंत्रज्ञानाची परिभाषा आणि शासनाचे धोरण ही दोन्ही एकाच वेळी वाचता येणे, हे त्यांचे बळ होते.

अणुऊर्जा हा त्यांच्या लेखनाचा मुख्य विषय. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने या क्षेत्राभोवती गुप्ततेची भिंत उभी केली होती. १९८३ मध्ये सुरक्षेसाठी नियामक मंडळ स्थापन झाले. पण ते अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी होते आणि आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा खात्याचे सचिव असत. ज्याच्यावर देखरेख ठेवायची, त्याच्याच हाताखाली देखरेख करणारा! ही विसंगती बिडवई यांच्या टीकेच्या मुळाशी होती.

ती किती महत्त्वाची, हे आपल्या शेजारीच दिसले. खानापूरच्या दक्षिणेस, काळी नदीकाठच्या कैगा प्रकल्पात १३ मे १९९४ रोजी पहिल्या अणुभट्टीच्या आतील घुमटाचे काँक्रीट बांधकाम चालू असतानाच कोसळले. इंधन अद्याप भरलेले नव्हते, म्हणून अनर्थ टळला. आराखड्यात सुधारणा करून ती अणुभट्टी २००० मध्ये कार्यान्वित झाली.

१९९८ च्या अणुस्फोटांनंतर बिडवई यांनी अचिन वनाईक यांच्यासह अण्वस्त्रांविरुद्ध ग्रंथ लिहिला. २००० मध्ये दोघांना शॉन मॅकब्राइड शांतता पुरस्कार मिळाला. देशभर जल्लोष चालू असताना विरोधात लिहिणे सोपे नव्हते. २३ जून २०१५ रोजी ॲमस्टरडॅम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची मते सर्वांनी स्वीकारावीत, असे नाही. कैगाच्या त्याच पहिल्या अणुभट्टीने ३१ डिसेंबर २०१८ रोजी सलग ९६२ दिवस चालून तेव्हाचा जागतिक विक्रम केला, ही नोंदही प्रामाणिकपणे घ्यावयास हवी. भारतीय अभियंत्यांचे ते कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु यश मिळाले म्हणून प्रश्न व्यर्थ ठरत नाही. घुमट का पडला, हे विचारले गेले म्हणूनच पुढचा घुमट अधिक मजबूत बांधता आला.

महाजन अहवालातील गावांची नावे आपण ज्या बारकाईने तपासली, त्याच बारकाईने नदीकाठच्या, रानातल्या प्रकल्पांचे कागदही वाचावेत. बिडवई यांनी आयुष्यभर तेवढेच केले.